औषधशास्त्राचे पुस्तक निवडताना

विनयपिटकातील महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. अतिसाराने ग्रस्त होऊन तो स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तथागतांनी आनंदासह त्याला स्नान घातले आणि संघाला रुग्णसेवेचा उपदेश केला. तेथेच उत्तम शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. मैत्रीभाव ठेवणे, किळस न मानणे व धम्मवचनाने धीर देणे, हे तीन गुण आपण व्याख्यानांतून नेहमी सांगतो. परंतु त्या यादीतील पहिले दोन निराळे आहेत : औषध तयार करता येणे आणि रुग्णाला हितकर काय, अहितकर काय, हे कळणे. सेवेला ज्ञानाचा पाया हवा, असाच याचा अर्थ आम्ही घेतो.

हे आठवण्याचे कारण असे की, वाशिम जिल्ह्यात मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या अनेक लेकी परिचर्येकडे वळतात. बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, समोर येते. पुढे अतिदक्षता विभागातील नर्स प्रॅक्टिशनर व्हायचे, तर दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात हाच विषय अधिक खोलवर शिकावा लागतो. अशा वेळी पालक आम्हांस विचारतात, “सर, मुलीला कोणते पुस्तक घेऊन द्यावे?”

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. कोणताही ग्रंथ हाती घेताना तो कोणासाठी, कोठे आणि केव्हा लिहिला, हे आम्ही आधी पाहतो. तीच कसोटी येथेही लागू पडते.

कोणासाठी? के. डी. त्रिपाठी यांचा ग्रंथ नावाजलेला आहे. पण तो वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आहे. संदर्भासाठी तो वाचनालयात असावा. रोजच्या अभ्यासाला मात्र परिचारिकांसाठी लिहिलेले पुस्तक घ्यावे. औषध देण्यापूर्वी काय तपासावे, दिल्यानंतर कशावर लक्ष ठेवावे, हे त्यात असते. परीक्षेपुरत्या गाईडमध्ये ते सापडेलच असे नाही.

कोठे? अमेरिकी पुस्तकातील ‘अॅसिटामिनोफेन’ म्हणजे आपले पॅरासिटामॉल. एवढ्यावर भागत नाही. आपल्याकडे इन्सुलिनची मिलिलिटरला ४० युनिटांची कुपी सर्रास मिळते; तिकडची पुस्तके मुख्यतः १०० युनिटांची धरून चालतात. १०० च्या कुपीतील इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाला ५० युनिटे जातात. अशी चूक जीवघेणी ठरू शकते.

केव्हा? २०११ मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइडवर बंदी आली. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ३८४ औषधे आहेत. रॅनिटिडीन तीतून वगळले गेले. जुन्या आवृत्तीला हे ठाऊक नसते. म्हणून नवी आवृत्तीच घ्यावी आणि ही यादी व ‘नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया’ सोबत ठेवावी.

इंग्रजीची भीती वाटणे स्वाभाविक आहे. औषधाचे मूळ नाव वेष्टनावर असते तसे इंग्रजीत आणि त्याचे कार्य मराठीत, अशी वही मुलींनी स्वतः तयार करावी.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. शाळेच्या वाचनालयाला ग्रंथदान करताना रद्दीत निघालेली जुनी आवृत्ती देऊ नका. चौघांनी मिळून एकच द्या, पण नवी द्या. रात्रपाळीत एकटी उभी असलेली आपली लेक त्याच पानावरील मात्रेवर विश्वास ठेवणार आहे.

नमो बुद्धाय, जय भीम!