खोलीस रंग किती लागेल?

दसरा, दिवाळी किंवा नाताळ जवळ आला, अथवा घरांत लग्नकार्य निघालें, म्हणजे भिंतींना रंग देण्याची गोष्ट निघते आणि रंग किती आणावा हा पहिला प्रश्न उभा राहतो. पुष्कळ ठिकाणीं असा ठोकताळा वापरितात कीं, जमिनीच्या क्षेत्रफळाची साडेतीनपट करावी, म्हणजे भिंती व छत मिळून रंगाचें क्षेत्र येतें. घाईच्या वेळीं तो उपयोगी पडत असेल. परंतु शाळेंत भूमिति शिकणाऱ्या मुलानें तो डोळे मिटून कां मानावा, हें आम्हांस समजत नाहीं.

एक खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद आहे. दुसरी २० फूट लांब व ६ फूट रुंद आहे. दोहोंची जमीन १२० चौरस फूटच. परंतु पहिलीची परिमिति ४४ फूट आणि दुसरीची ५२ फूट. उंची १० फूट धरल्यास एकीच्या भिंती ४४० चौरस फूट, तर दुसरीच्या ५२० होतात. भिंती उभ्या असतात त्या जमिनीच्या कडेवर. म्हणून फीत घेऊन कडाच मोजाव्या.

पहिल्या खोलीस ७ फूट उंच व ३ फूट रुंद असें एक दार आणि ४ फूट लांबरुंद अशा दोन खिडक्या असल्या, तर २१ व ३२ मिळून ५३ चौरस फूट वजा जाऊन ३८७ उरतात. यांत छताचे १२० मिळविल्यास ५०७ होतात. ठोकताळा मात्र ४२० च सांगतो! छतास बहुधा निराळा पांढरा रंग असतो, म्हणून आम्ही येथें केवळ भिंतींचाच हिशेब करितों.

आतां डब्याकडे वळूं. एक लिटर रंग किती क्षेत्रास पुरतो याचा आंकडा डब्यावर छापलेला असतो. तो आंकडा म्हणजे वस्तुतः थराची जाडी होय. एक लिटर म्हणजे १००० घन सेंटिमीटर. तितका रंग ०.१ मिलिमीटर जाड पसरला, तर १० चौरस मीटर जागा झांकतो. आपल्या देशांत मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालीं झाला, तरी रंगारी अजून फुटांतच बोलतात. त्यांच्या भाषेंत हे सुमारें १०८ चौरस फूट झाले. याहून अधिक जागा एका लिटरांत भागविली, तर थर तितका पातळ झाला, इतकाच त्याचा अर्थ. बेसुमार पाणी घातलेला रंग पुरतो खरा. परंतु पाणी उडून जातें, खालचे डाग दिसूं लागतात आणि दोन हातांच्या जागीं तीन द्यावे लागतात.

३८७ ला १०८ नें भागिलें असतां एका हातास सुमारें ३.६ लिटर येतात. पण भिंत रंग पिते, आणि कोणती किती पिईल हें कोणताहि डबा सांगूं शकत नाहीं. खरखरीत गिलावा अधिक पितो, गुळगुळीत जुनी भिंत कमी. यासाठीं प्रथम एक लिटरचाच डबा आणावा. अस्तराचा हात वाळल्यावर त्यांतील पाव लिटर रंग मोजून घ्यावा, भिंतीवर लावावा आणि किती जागा झांकली तें मोजावें. समजा, २० चौरस फूट झांकले. तर त्रैराशिकानें एका लिटरास ८० चौरस फूट येतात. म्हणजे पहिल्या हातास ४.८ लिटर हवे. दुसऱ्या हातास भिंत तितकी पीत नाहीं, तेथें ३.६ च धरावे. एकूण ८.४ झाले. एक लिटर घरांत आहे, उरलेल्या ७.४ साठीं चार लिटरचे दोन डबे आणावे. थोडा रंग उरेल, तो पुढें डाग पुसण्यास कामीं येईल.

प्रयोगाचा डबा पहिल्या हातांतच संपवावा. वेगळ्या दिवशीं कालवून आणलेल्या रंगाची छटा किंचित् निराळी येण्याचा संभव असतो, आणि ती दुसऱ्या हाताखालीं झांकली जाते. मागाहून आणलेले दोन्ही डबे एका मोठ्या बालदींत ओतून नीट ढवळून घ्यावे. तितकी मोठी बालदी नसली, तर निदान एका भिंतीच्या मध्यावर डबा बदलूं नये, कोपऱ्यांत बदलावा.