जास्तीची शक्ति कीं मोजण्यांतील चूक?

पंपास जोडलें असतां त्याच मोटारीवर शेंकडा ४ पाणी जास्त येतें, असें सांगून एखादें उपकरण कोणी दारीं आणिलें, तर विकणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा विचार मागाहून करावा. प्रथम पाणी मोजलें कसें, तें विचारावें. विद्वानांच्या मोजण्यावरही वाद होतात, याचें एक उदाहरण मुंबईंतील आहे.

ता. २३ मार्च १९८९ रोजीं अमेरिकेंतील युटा येथें फ्लेशमन व पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनीं जाहीर केलें कीं, जड पाण्यांत पॅलेडियम धातूची कांडी ठेवून वीज सोडली असतां दिलेल्या विजेहून अधिक उष्णता निघते, व ती अणुगर्भांच्या संयोगाची आहे. त्याच वर्षीं तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत पी. के. अय्यंगार यांच्या नेतृत्वाखालीं अनेक गटांनीं प्रयोग केले, आणि न्यूट्रॉन व ट्रिटियम मिळाल्याचें प्रसिद्ध केलें. परंतु ज्ञात संयोगांत हीं दोन्हीं जवळजवळ सारख्या संख्येनें निघावींत. येथें ट्रिटियम कोट्यवधि पट दिसलें. शिवाय जड पाण्यांत तें मूळचेंच थोडें असतें.

उष्णतेचा वाद आपणांस अधिक उपयोगी आहे. द्रव नीट ढवळला नाहीं, तर थर्मामीटर कोठें धरला यावर उत्तर बदलतें. नेथन लुईस यांनीं १९८९ च्या मे महिन्यांत हाच आक्षेप घेतला. निघालेले वायु आंतच पुन्हां संयोग पावले, तर ती उष्णताही जास्तीची भासते. गुगल कंपनीच्या द्रव्यसाहाय्यानें झालेल्या फेरतपासणींतही जास्तीची उष्णता आढळली नाहीं, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें.

आतां विहिरीकडे वळूं. २०० लिटरचें पिंप २० सेकंदांत भरतें आणि घड्याळ पाहण्यांत १ सेकंद चुकला, तर चूक शेंकडा ५ झाली. शेंकडा ४ चा दावा या मापानें ठरणार कसा? २० मिनिटांत भरेल असा हौद घ्यावा. मग तोच सेकंद शेंकडा पावाहूनही कमी पडतो. मात्र जालना जिल्ह्यांतील काळ्या पाषाणाच्या विहिरींत उपसा चालूं असतां पाणी लवकर खोल जातें, व खोलून पाणी कमी चढतें. विजेचा दाब उतरला तरी तसेंच होतें. म्हणून विहिरीस खूण करून पाणी त्याच खुणेस आल्यावर प्रत्येक मोजणी सुरू करावी: प्रथम उपकरणाविना, मग उपकरणासह, मग पुन्हां उपकरणाविना. दर वेळीं विजेचा दाब लिहून ठेवावा, आणि घड्याळ शेजाऱ्याच्या हातीं द्यावें. उपकरणाविना केलेल्या दोन मोजण्यांतच शेंकडा ४ चें अंतर पडलें, तर त्या दिवशीं पैसे देऊं नयेत.