गाडी सरळ का चालत नाही?

पिकअप गाडी आता गावोगाव झाली आहे. टोमॅटो, कांदा, कडबा, लग्नाची भांडीकुंडी, सारे तिच्यातून जाते. ज्याची गाडी, त्याच्या घरचे पोट तिच्यावर. अशी गाडी रस्त्यावर सरळ चालेनाशी झाली तर काय पाहावे, ते या पाठात वाचू.

आधी दुखणे नीट ओळखू. रस्ता सरळ आहे. ड्रायव्हरने स्टेअरिंग सरळ धरले आहे. तरी गाडी घटकेत डावीकडे जाते, घटकेत उजवीकडे. सारखे स्टेअरिंग हलवून तिला ताळ्यावर आणावे लागते. याला आपण ‘गाडी भटकते’ असे म्हणू.

गाडी एकाच बाजूला ओढत असेल तर ते दुखणे वेगळे. मग बहुधा एका चाकात हवा कमी असते, नाहीतर एका चाकाचा ब्रेक धरून राहिलेला असतो. गाडी थांबवा व चाकांजवळ हात न्या. हात लावू नका, नुसता जवळ न्या. एकच चाक फार तापले असेल तर ब्रेक धरला समजा. आणखी एक. आपल्याकडे रस्त्याला कडेकडे उतार असतो आणि आपण डाव्या अंगाने चालतो. म्हणून गाडी थोडी डावीकडे कलणारच. तो दोष नव्हे.

भटकणारी गाडी सपाटीवर एक वेळ सांभाळता येईल. पण नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरून कल्याणकडे निघालेल्या गाडीला माळशेज घाट उतरायचा असतो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, पावसाळ्यात धुके. समोरून ट्रक आला की हातभर जागा उरते. तेथे गाडीने स्वतःच्या मनाने हातभर सरकणे म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको.

अशा वेळी पुष्कळ लोक एकच करतात. मिस्त्रीला म्हणतात, “स्टेअरिंग ढिलं झालंय, जरा आवळून द्या.” ज्या गाडीला स्टेअरिंग बॉक्स असतो, त्याच्यावर एक स्क्रू असतो. तो आवळला की आतले दाते जवळ येतात आणि हाताला घट्ट लागते. मालक खूष होतो. पण ढिलेपणा जर दुसरीकडे असेल तर तो तसाच राहतो. वर स्क्रू जास्त आवळला गेला तर स्टेअरिंग मधोमध अडकते, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त भटकते. आतले दातेही झिजतात. म्हणून बॉक्सला हात लावायचा तो सर्वांत शेवटी.

आरंभ फुकटच्या कामापासून करावा. पहिली हवा. किती हवा भरायची हा आकडा बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात छापलेला असतो. रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा, भरलेल्या गाडीचा वेगळा. पुढच्या चाकांचा व मागच्या चाकांचाही वेगळा असू शकतो. आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा पंपावरच्या पोराच्या अंदाजावर सोडू नका. हवा टायर थंड असतानाच मोजावी.

दुसरा भार. बैलगाडीत माल मागे जास्त भरला म्हणजे ती उलाळ होते, जू वर उचलते. पिकअपचे तसेच आहे. माल मागच्या फळीकडे साचला, किंवा कमाल भारापेक्षा जास्त भरला, की पुढची चाके हलकी होतात. मग ती रस्ता धरीत नाहीत. गाडी रिकामी असता सरळ चालते आणि भरली की भटकते, असे असेल तर आधी भरण्याची रीत पाहा.

इतके करूनही फरक पडला नाही तर खाली पाहावे लागेल. या कामाला दोन माणसे हवीत. गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. इंजिन बंद ठेवा. चाके जमिनीवरच असू द्या. एकाने स्टेअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे हलवीत राहावे. दुसऱ्याने खाली वाकून स्टेअरिंगच्या दांड्यापासून चाकापर्यंत एकेक सांधा पाहावा. सांध्याची एक बाजू हलते व दुसरी उशिरा हलते, तो सांधा झिजलेला. सांध्यावर बोट ठेवले तर ठोकर कळते. बहुधा टायरॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट सापडतो. त्याचे रबर फाटले की ग्रीस जाते, धूळ-पाणी शिरते, आणि मग तो खिळखिळा होतो. स्टेअरिंग बॉक्स चासीला ज्या बोल्टांनी धरला आहे, तेही पाहा. बॉक्सच हलत असेल तर दोष बोल्टांचा.

मग एकेक पुढचे चाक जॅकवर उचला. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरायचे नाही. आधी चासीखाली भक्कम घोडा लावावा. चाक वर-खाली धरून हलवा. खडखडले तर बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट यांपैकी काहीतरी ढिले आहे. आता दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खडखड थांबली तर बेअरिंग. न थांबली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. इतके कळले म्हणजे मिस्त्रीपुढे उभे राहताना आपण आंधळे नसतो.

पुढे कमानपाटे असलेल्या गाडीत यू-बोल्ट ढिले आहेत का, पाटा तुटला आहे का, हेही पाहावे. पाट्याखाली कधी एक पाचर असते. तिच्यामुळे चाकाचा कणा ठरल्या तिरपेपणात राहतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो ना, तसेच. त्या तिरपेपणामुळे चाक आपणहून सरळ यायला मदत होते. काम करताना पाचर उलटी बसवली की गाडी भटकू लागते. मागचे यू-बोल्टही विसरू नयेत. मागचा कणा सरकला तरी गाडी वाकडी चालते आणि लोक पुढेच शोधत बसतात.

अलाइनमेंट सांधे बदलल्यानंतर करावी, आधी नाही. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट दुसऱ्या खड्ड्यात बिघडते. पैसे मात्र दोनदा जातात. बोटे बाहेर टाकून चालणाऱ्या माणसासारखी पुढची चाके समोरून फाकली की गाडी भटकते. टायरवरून तळहात आडवा फिरवा. एकीकडून गुळगुळीत व उलट फिरवता करवतीसारखे लागले तर चाके अशी वाकडी आहेत समजा.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ सांगतो की स्टेअरिंगचा मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. घड्याळात एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंत ३० अंश होतात. ही झाली शेवटची हद्द. चांगली गाडी तिच्या पुष्कळ अलीकडे असते.

दुरुस्तीनंतर जुना सुटा भाग मागून घ्या आणि नवीन स्प्लिट पिन घातली का ते डोळ्यांनी पाहा. मग रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून पाहा, त्यानंतर माल भरून. अलाइनमेंटची छापील चिठ्ठी मिळते, ती वहीत चिकटवा आणि शेजारी तारीख व गाडीचे किलोमीटर लिहा.