जर्मनीतले विजेचे बिल: आधी आलेल्यांकडून

चार घरांनी लिहून पाठवले ते जसेच्या तसे देत आहोत.

फ्रँकफर्ट

घरभाडे ‘वार्म’ असले तरी त्यात हीटिंग येते, वीज बहुधा नाही. विजेचा करार आपणच करायचा. तो केला नाही तर पहिला दिवा लावल्यापासून तुम्ही त्या भागातल्या मूळ पुरवठादाराचे, म्हणजे ग्रुंडफरझॉर्गरचे गिऱ्हाईक. त्याचा दर सहसा महाग असतो, पण दोन आठवड्यांच्या नोटिशीवर सुटता येते. चेक24 किंवा व्हेरिव्हॉक्स या दरांची तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर दर बघताना बोनस धरू नका. तो पहिल्या वर्षापुरताच. मुदत संपायच्या महिनाभर आधी करार मोडून नवा शोधा. 6 जून 2025 पासून घर बदलल्याची नोंद वीज कंपनीकडे मागच्या तारखेने होत नाही, म्हणून राहायला जाण्याआधीच घरमालकाकडून मीटर नंबर घ्या.

म्युनिक

मीटरचा फोटो काढा! नंबर आणि आकडा दोन्ही दिसले पाहिजेत, घर ताब्यात घेताना आणि सोडताना. आमच्या इमारतीतले सगळे मीटर तळघरात एका रांगेत आहेत. कंपनीने शेजाऱ्याचा मीटर आमच्या नावावर चढवला. दरमहा जातो तो आबश्लाग, नुसता अंदाज. खरा हिशेब वर्षाने येतो. तो आला तेव्हा शेजारच्यांच्या सगळ्या विजेची नाखत्साहलुंग, म्हणजे थकबाकी, आमच्या गळ्यात! फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून रामायण. वर पैसे भरण्याची ताकीद देणारी पत्रे सुरूच. आपल्याकडे भारतात वायरमनला हाक मारली की तो मीटर बघून तरी जातो. फोनवर बोलू नका, लेखी तक्रार करा. चार आठवड्यांत तड लागली नाही तर बर्लिनच्या श्लिश्टुंग्सश्टेले एनर्गी या तंटे सोडवणाऱ्या संस्थेकडे जा. ग्राहकाला तिथे खर्च नाही.

श्टुटगार्ट

बाथरूममधल्या डुर्शलाउफएरहिट्झरकडे आधी बघा. पाणी वाहता वाहता तापवणारी ही पेटी 21 किलोवॉटची असली तर पूर्ण जोरात दहा मिनिटांच्या शॉवरला साडेतीन युनिट जातात. तेवढ्यात दहा वॉटचा दिवा साडेतीनशे तास चालतो. तापमान अडतीस-चाळीसवर ठेवा. साठवर ठेवून वर थंड पाणी मिसळणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

काचेच्या शेगडीवर घरून आणलेला खोलगट तवा चालत नाही, बूड सपाट हवे. शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते, म्हणून कुकरच्या शेवटच्या शिट्टीआधीच बंद करा. उकडीचे मोदक आणि वरणभातासाठी लागणारे पाणी किटलीत उकळून घ्या. डाळ भिजवा, हे सांगायला नकोच.

हॅम्बुर्ग

बचत करा, पण आकाशकंदील विझवून नको. पाच वॉटचा एलईडी दिवाळीचे पाच दिवस रोज पाच तास लावला तरी पाव युनिट होत नाही. मुलांना अंधारात बसवून कसली काटकसर? पणत्या मात्र पडद्यापासून लांब ठेवा. आणि रिकाम्या खोलीतला दिवा मुलांनाच बंद करायला लावा. आजीच्या धाकाची उणीव इथे आपणच भरून काढायची.

बाल्कनीतले सौर पॅनेल

यावर मजकूर आला नाही, म्हणून थोडक्यात. इन्व्हर्टर 800 व्होल्ट-अँपिअरपर्यंत चालतो. भाडेकरूलाही घरमालकाची संमती लागते, पण ऑक्टोबर 2024 पासून त्याला सबळ कारणाशिवाय ती नाकारता येत नाही. सरकारी नोंदवहीत नोंद करावी लागते. उत्तरेकडे तोंड असलेल्या बाल्कनीसाठी पैसे घालू नका.