औषधास न जुमानणारा प्रोस्टेटचा कर्करोग

प्रोस्टेट ग्रंथीतील पेशींची वाढ अँड्रोजन या पुरुष-संप्रेरकावर अवलंबून असते. पेशीतील ग्राहक-प्रथिन ते स्वीकारून वाढीची जनुके कार्यान्वित करते. संप्रेरकाचा पुरवठा तोडल्यास कर्करोग ओसरतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखविले. त्याच वर्षी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले.

परंतु कालांतराने अनेकांत रोग पुन्हा बळावतो. ग्राहकाच्या जनुकाच्या प्रती वाढतात, किंवा संप्रेरकाविनाच कार्य करणारा आखूड ग्राहक निर्माण होतो. अशा वेळी उपचारपद्धती बदलावी लागते. म्हणून बरे वाटले तरी नियमित रक्ततपासणी चुकवू नये.

उतारवयात लघवीस अडथळा झाल्यास वा रक्त दिसल्यास संकोच न बाळगता डॉक्टरांना दाखवावे. नल्लकुंट्यातील रहिवाशांना हैदराबादेतीलच मेहदी नवाज जंग कर्करोग संस्था जवळची आहे.