डिकीत सिलिंडर, वर फळी

प्रश्न : आमची सीएनजीवरची जुनी हॅचबॅक आहे. डिकीत सिलिंडर आडवा बसवलेला असल्याने साधी पिशवीसुद्धा सरळ उभी राहत नाही. दरवर्षी गणपतीची मूर्ती आम्ही पेणहून आणतो, ती मांडीवर घेऊन बसावं लागतं. सिलिंडरच्या वर प्लायची फळी टाकून डिकीला उंच, सपाट तळ करून घेतला तर चालेल का? मूर्ती त्यावर ठेवता येईल का? गावातला सुतार तयार आहे.
– एक वाचक, खांब (ता. रोहा)

उत्तर : फळी करून घ्या. मूर्ती मात्र तिच्यावर ठेवू नका. त्याचं कारण पुढे देतो.

साठ लिटरचा पोलादी सिलिंडर साधारण फूटभर व्यासाचा असतो, रिकामाच साठ किलोच्या आसपास भरतो आणि आतला वायू 200 बार दाबाखाली असतो. त्या पोलादाला चार पिशव्यांचं ओझं काहीच नाही. जपायचं ते टोकाचा व्हॉल्व्ह, तिथून निघणारी नळी आणि सिलिंडर आवळून धरणाऱ्या पट्ट्या यांना. खड्ड्याखड्ड्याला फळीची कड नळीवर घासत राहिली, तर नुकसान कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून फळीचा भार सिलिंडरवर न येता डिकीच्या तळावर यायला हवा. दोन्ही बाजूंना लाकडी पाय, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, वर फळी. सिलिंडर आणि फळी यांत तीन-चार बोटांचं अंतर. सुताराला आधी पुठ्ठ्याचा साचा कापायला सांगा. डिकीच्या बाजू कुठेच काटकोनात नसतात आणि नुसत्या टेपने घेतलेलं माप हमखास चुकतं.

तळाला भोकं पाडून स्क्रू मारायचा मोह सुताराला होईल. तो आवरा. तळाखालून गॅसची नळी आणि वायरी जातात, पेट्रोलची टाकीही जवळच असते, कुठे काय आहे ते वरून दिसत नाही.

व्हॉल्व्हवर प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यातून गाडीबाहेर गेलेल्या जाड नळ्या तुम्ही पाहिल्या असतील. गळती झालीच तर वायू डिकीत न साठता बाहेर जावा, यासाठी ती सोय असते. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो. फळीच्या कडा रबराने घट्ट बसवल्या, तर सुटलेला वायू नेमका तिच्याखाली अडकेल. तेव्हा कडेने बोटभर फट राहू द्या आणि व्हॉल्व्हच्या बाजूचा तुकडा बिजागरीवर उघडणारा ठेवा. वास आला तर सामान न उपसता हात थेट व्हॉल्व्हपर्यंत गेला पाहिजे. सुटं चाक आणि जॅक खाली असतील तर तेही असेच हाताशी हवेत.

सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, त्या वेळी तो बाहेर काढतात. म्हणूनही फळी सुटी हवी. गाडीला वेल्डिंग करून कायमचा सांगाडा बसवणं नकोच. मूळ बांधणीत असे फेरफार केले, तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 ची अडचण येऊ शकते.

पण सुटी म्हणजे मोकळी नव्हे. एक मीटर बाय पाऊण मीटरची 12 मिलिमीटर जाडीची प्लायची फळी सहा किलोची होते. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी धडकून दोन फुटांत थांबली, तर गाडीतल्या प्रत्येक वस्तूचा जोर तिच्या वजनाच्या सुमारे सोळापट होतो. म्हणजे नुसती फळीच जवळजवळ शंभर किलोच्या जोराने मागच्या सीटच्या पाठीला धडकेल, आणि त्या सीटवर तुमची माणसं बसलेली असतात. डिकीत कंपनीने दिलेले हुक असतील तर सांगाडा त्यांना पट्ट्यांनी आवळा, आणि सामान सीटच्या पाठीपेक्षा उंच रचू नका.

कंपन्यांनाही हा प्रश्न सोडवावा लागला. टाटाने 2023 मध्ये अल्ट्रोझच्या सीएनजी गाडीत एका साठ लिटरच्या जागी तीस लिटरचे दोन सिलिंडर घातले आणि ते डिकीच्या तळाखाली नेले. सामानाला 210 लिटर जागा उरली. तुमच्या गाडीत तळ सिलिंडरच्या वरच येणार, म्हणून जागा वाढणार नाही. आहे ती सपाट होईल, एवढीच अपेक्षा ठेवा.

आता मूर्ती. डिकीचा बराचसा भाग मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे खड्ड्यात तिथे उसळी सर्वांत जास्त बसते. वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड असा तुमचा रस्ता. शाडूची मूर्ती असेल तर हात, सोंड अशा नाजूक जागी तडा जायला एक आदळणं पुरतं. मूर्ती मागच्या सीटवर, चाकांच्या पुढे ठेवा. सीट मागे उतरती असते, म्हणून घडी केलेल्या जाड चादरीने ती समतल करून त्यावर पाट ठेवा, पाटाभोवती उशा दाबून बसवा आणि एका माणसाने शेजारी बसून पाट धरावा. मखर, फळं, पूजेचं सामान खुशाल नव्या फळीवर.

प्लाय मरीनच घ्या, कापलेल्या कडांना आणि खालच्या बाजूलाही रंग द्या, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरा. आपल्या पावसात साधा प्लाय फुगतो. फळी बसली की सिलिंडरच्या माथ्यावर आणि नळीच्या वळणांवर खडू फासा, नेहमीचं सामान भरा आणि कोलाडपर्यंत जाऊन या. फळीच्या खालच्या बाजूला खडू लागलेला दिसला, तर पाय आणखी उंच करून घ्या.