वीतभर काठीची सावली

सृष्टी न्याहाळून तिच्यावर विचार करणं हीसुद्धा इस्लाममध्ये इबादत आहे. तिला ‘तफक्कुर’ म्हणतात. हा शब्द मी वाचला तो चाळिशीत. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या घरात दादीच्या हाताखाली ते काम मात्र लहानपणापासून चाललं होतं. त्याची ही थोडी टिपणं.

१. घड्याळ असलं तरी काठी ठेवावी. दादीकडे घड्याळ होतं, पण असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, वेळ ती अंगणात रोवलेल्या वीतभर काठीवरून ओळखायची. कोकणातले आम्ही मुसलमान बहुतेक शाफई परंपरेचे. भर दुपारी काठीची जेवढी सावली उरते, तिच्यात काठीच्या उंचीएवढी भर पडली की आमच्यात असरची वेळ होते. (हनफी मंडळी उंचीच्या दुप्पट भर पडेपर्यंत थांबतात.) गंमत अशी, की ही दुपारची सावलीच वर्षभर बदलत राहते. डिसेंबरात ती उत्तरेकडे लांबते, मेच्या पहिल्या पंधरवड्यात एका दुपारी पार नाहीशी होते आणि जूनमध्ये, ढगांनी कृपा केली तर, चक्क दक्षिणेला पडलेली दिसते. शाळेत बाईंनी शून्य सावली शिकवली तेव्हा मला ती जुनी ओळखीची होती. आता फोन नमाजाची वेळ मिनिटासकट सांगतो. मी ती ऐकते, पण बघायचं राहून जातं. म्हणून काठी पुन्हा रोवली आहे.

२. कुराणातल्या वाक्याला आयत म्हणतात, आणि आयत म्हणजे खूणही. पाऊस, वारा, रात्रीमागून येणारा दिवस, या सगळ्यांसाठी कुराणात हाच शब्द येतो. रेहलवरचं (कुराण ठेवायच्या घडवंचीवरचं) वाचन संपवून अंगणात आलं, तरी वाचन चालूच असतं.

३. मुंग्यांना वाट द्यावी. पावसाच्या तोंडावर त्या तोंडात अंडी धरून घराकडे निघतात. एकदा मी त्या रांगेवर उकळतं पाणी ओतायला निघाले. दादीनं तांब्या काढून घेतला आणि सुलेमान पैगंबरांची गोष्ट सांगितली. त्यांचं लष्कर येताना पाहून एक मुंगी बाकीच्यांना बिळात जायला सांगते, म्हणजे नकळत कुणी चिरडणार नाही. पैगंबरांना ते ऐकू येतं, ते हसतात आणि अल्लाहचे आभार मानतात. कुराणातल्या ज्या सूरेत, म्हणजे अध्यायात, हे येतं, तिचं नावच ‘नम्ल’, मुंगी. गोष्ट संपेपर्यंत पाणी निवलं होतं.

४. डासाचा दाखला द्यायलाही अल्लाहला संकोच वाटत नाही, असं कुराणात आहे. दादी हे मान्य करायची आणि मच्छरदाणीही लावायची.

५. रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो. चांद्र वर्ष तेवढं लहान, म्हणून तेहतीसेक वर्षांत तो सगळे ऋतू फिरून येतो. १९९८च्या जानेवारीत मी थंडीत रोजे धरले, २०१५ला जूनच्या पावसात, २०१८ला मेच्या घामात. पावसाळ्यात रोजा लांबतो आणि तहान कमी लागते, मेमध्ये तहानेचं उलटं होतं: घसा सुकतो आणि झाडावरून आंबे बघत बसतात. ऋतू शरीरात उतरवायला याहून पक्की शिकवणी मला भेटलेली नाही.

६. विचाराला कुंपणही हवं. निर्मितीवर हवं तेवढं चिंतन करा, निर्मात्याच्या स्वरूपावर नको, तिथे बुद्धी पोचत नाही, असं जुने जाणते सांगत आले. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’च्या ४० भागांपैकी ३९वा तफक्कुरला दिला. त्यात माणसाच्या स्वतःच्या शरीरापासून सुरुवात करून ते जमीन, समुद्र, आकाशापर्यंत जातात. गुडघे दुखायला लागल्यापासून हा क्रम मला फारच पटतो.

७. ग्रहणात घाबरायचं नाही आणि भलते अर्थही काढायचे नाहीत. पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण झालं. लोक म्हणाले, त्याच्या मृत्यूमुळेच झालं. पुत्रशोकातही पैगंबरांनी ते खोडून काढलं: सूर्य-चंद्र कुणाच्या मरणानं किंवा जन्मानं ग्रासले जात नाहीत, त्या अल्लाहच्या दोन खुणा आहेत. मग नमाज पढले. त्या नमाजात आमच्यात एका रकातीत, म्हणजे नमाजाच्या एका आवर्तनात, एरवीसारखा एकदा नाही तर दोनदा रुकू (कमरेतून वाकणं) असतो.

२६ डिसेंबर २०१९ला सकाळी आमच्याकडे खंडग्रास ग्रहण दिसलं. दादी नव्हती. नमाज आटोपून अंगणात आले, तर ऊन मलूल झालेलं, आणि आंब्याखालच्या सारवलेल्या जमिनीवर पानांच्या फटींतून उतरलेल्या शेकडो चंद्रकोरी. ईदच्या आदल्या संध्याकाळी एका कोरीसाठी आम्ही माना मोडतो. माझी मुलगी उकिडवी बसून मोजायला लागली. चाळीसच्या पुढे वारा आला, कोरी हलल्या आणि तिचा आकडा चुकला. ती पुन्हा एकपासून सुरू झाली.